गुडघ्यातले पाणी आणि काचेवरचा थेंब

'गुडघ्यात पाणी झाले आहे' हे वाक्य मराठी घरांत जितक्या सहजपणे उच्चारले जाते, तितक्या सहजपणे त्याचा विचार मात्र होत नाही. पाणी झाले म्हणजे काय झाले, ते कोठून आले, काढावे की राहू द्यावे, हे तीन प्रश्न निदान डॉक्टरांना विचारले जातात. काढल्यावर त्या पाण्याचे पुढे काय करावयाचे, हा चौथा प्रश्न कोणी विचारीत नाही. सुईने ओढलेले ते पिवळसर पाणी पुष्कळदा मोरीत जाते आणि त्याच्याबरोबर रोगाचे नावही वाहून जाते. या महिन्याच्या सदरासाठी आम्ही हा चौथा प्रश्नच निवडला आहे. विषय वैद्यकाचा आणि आम्ही पडलो भाषेचे शिक्षक. परंतु गेल्या काही वर्षांत आप्तेष्टांच्या निमित्ताने रुग्णालयांचे जे उंबरठे झिजवले, तेथील जाणत्या मंडळींना जे विचारून घेतले आणि नंतर ग्रंथांतून पडताळून पाहिले, ते वाचकांपुढे ठेवण्यास हरकत नसावी.

माळव्याच्या काळ्या मातीत ज्यांचे बालपण गेले, त्यांनी बैलगाडीच्या आखाला वंगण घालताना पाहिले असेल. वंगण सुकले की चाक कुरकुरू लागते आणि बैल घामाघूम होतात. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात सांध्यातील श्लेष्म्याला नेमकी हीच, गाडीच्या आखाच्या वंगणाची उपमा दिलेली आहे. पुढे आयुर्वेदाने कफाचे पाच प्रकार मानले तेव्हा सांध्यातल्या कफाला 'श्लेषक' असे वेगळे नावच मिळाले. युरोपात सोळाव्या शतकातील पॅरासेल्सस या वैद्याने त्यास 'सायनोव्हिया' म्हटले. त्या शब्दाच्या पोटात अंड्याचा लॅटिन शब्द दडला आहे असे सामान्यतः मानतात, आणि ते पटण्यासारखेही आहे, कारण निरोगी सांध्यातील द्रव अंड्यातल्या पांढऱ्या बलकासारखाच चिकट, पारदर्शक आणि लवचीक असतो.

हा द्रव असतो तरी किती? एवढ्या थोरल्या गुडघ्यात, तो निरोगी असेल तर, फार तर चार घनसेंटिमीटर. चहाचा लहान चमचाही पुरता भरावयाचा नाही. रक्तातील पातळ भाग सांध्याच्या अस्तरातून गाळून आत येतो आणि त्या अस्तरातील पेशी त्यात हायलुरॉनिक आम्ल नावाचा चिकट पदार्थ मिसळतात. कार्ल मेयर आणि जॉन पामर या दोघांनी १९३४ साली बैलाच्या डोळ्यातील द्रवातून हा पदार्थ प्रथम वेगळा केला. वंगणाचे काम तर हा द्रव करतोच, परंतु त्याहून मोठे काम म्हणजे पोषणाचे. हाडांच्या टोकांवर जी गुळगुळीत कूर्चा असते, तिच्यात एकही रक्तवाहिनी नसते. तिची उपजीविका मुख्यतः या चमचाभर पाण्यावर चालते. त्यात बिघाड झाला की कूर्चेची उपासमार सुरू होते, आणि त्यात जंतू शिरले तर ती अवघ्या काही दिवसांत कायमची खराब होऊ शकते.

येथे एका लोकभ्रमाचा परामर्श घेणे भाग आहे. 'वंगण आटले' असे म्हणून म्हातारपणाच्या गुडघेदुखीची बोळवण करण्याची आपल्याकडे पद्धत आहे. काही डॉक्टरही रुग्णाची समजूत पटावी म्हणून तसेच बोलतात. वस्तुतः झिजते ती कूर्चा. पाणी आटण्याऐवजी अशा गुडघ्यात ते पुष्कळदा वाढलेलेच असते. दुसरा भ्रम असा की, एकदा सुईने पाणी काढले म्हणजे ते पुन:पुन्हा भरते. घर गळते ते पाणी उपसल्यामुळे नव्हे, कौल फुटल्यामुळे. कारण कायम राहिले तर पाणी पुन्हा साठेल, न काढले तरी वाढेल. सुईला त्यात दोष देण्याचे कारण नाही.

आता त्या पाण्याची परीक्षा. तिची सुरुवात कोणत्याही यंत्राने होत नाही, डोळ्यांनी होते. काचेची नळी छापील कागदापुढे धरावी. पलीकडची अक्षरे स्पष्ट वाचता आली, तर द्रव निरोगी अथवा केवळ झिजेचा. अक्षरे धूसर झाली, तर दाह. काहीच दिसले नाही आणि नळीत ताक ओतल्यासारखे वाटले, तर जंतुसंसर्गाची धास्ती घ्यावी. नंतर पिचकारीच्या टोकाशी एक थेंब लोंबू द्यावयाचा. निरोगी द्रवाची चार ते सहा सेंटिमीटर लांब तार सुटते. आमच्या भगिनी वाचकांना हे निराळे सांगावयास नको, कारण पाक एकतारी झाला की नाही हे त्या अशाच पाहतात. दाह झालेल्या सांध्यात हायलुरॉनिक आम्लाचा नाश होतो, तार सुटत नाही आणि थेंब साध्या पाण्यासारखा टपकन पडतो. द्रव रक्ताळलेला असेल आणि त्यावर रश्श्यावरच्या तवंगासारखे तेलाचे ठिपके तरंगत असतील, तर सांध्याच्या आत हाड मोडल्याची ती खूण होय, कारण ती चरबी हाडाच्या मगजातून आलेली असते. कित्येकदा क्ष-किरणांच्या चित्रात न दिसलेली चीर ह्या तवंगाने उघडकीस आणली आहे.

यानंतर सूक्ष्मदर्शकाखाली पांढऱ्या पेशींची मोजणी. निरोगी द्रवाच्या एका घनमिलिमीटरमध्ये त्या दोनशेंहून कमी असतात. झिजेच्या गुडघ्यात दोन हजारांपर्यंत जातात. आमवात, गाऊट यांसारख्या दाहांत दोन हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत, आणि पन्नास हजारांच्या पुढे, त्यातही नव्वद टक्के 'न्यूट्रोफिल' जातीच्या, असतील तर डॉक्टरांनी जंतुसंसर्ग गृहीत धरूनच पावले टाकावीत असा संकेत आहे. अर्थात या सीमारेषा शेताच्या बांधासारख्या पक्क्या नव्हेत. गाऊटमध्ये कधी त्या लाखाला टेकतात, आणि संसर्गाच्या आरंभी वीस हजारांवरही असतात. ज्यांनी गुडघा बदलून कृत्रिम बसवून घेतला आहे, त्यांना तर हे आकडे मुळीच लागू पडत नाहीत. जुन्या कृत्रिम सांध्यात तीन हजारांच्या आसपासची संख्याही संशयास्पद मानतात. आज आपल्या प्रत्येक गल्लीत असा बदललेला गुडघा घेऊन चालणारे एखादे आजोबा किंवा मावशी आहेत, म्हणून हे मुद्दाम लिहिले. अशा सांध्यातील पाणी शक्यतो शस्त्रक्रिया करणाऱ्या शल्यवैद्यांकडूनच काढून घ्यावे.

या मोजणीतील एक बारकावा आम्हांला एका वयोवृद्ध तंत्रज्ञाने सांगितला आणि तो ऐकून आम्हांस आमच्या विद्यार्थ्यांची आठवण झाली. रक्तातील पांढऱ्या पेशी मोजताना ते सौम्य ॲसेटिक आम्लात, म्हणजे एका अर्थी व्हिनेगरातच, मिसळतात. त्याने तांबड्या पेशी विरघळतात आणि पांढऱ्या तेवढ्या उरतात. नवशिका मुलगा हाच पाठ सांध्याच्या पाण्याला लावतो आणि फसतो, कारण आम्ल पडताच त्यातील चिकट पदार्थ दुधासारखा नासून गोळा होतो आणि पेशी त्या गोळ्यात अडकून बसतात. मग मोजणी निम्म्यावर येते आणि कागदावर 'ठीक आहे' असे उमटते. म्हणून येथे साधे मिठाचे पाणी वापरावयाचे. पाठांतर आणि आकलन यांतील भेद आम्ही तीस वर्षे वर्गात सांगत आलो, पण इतके नेमके उदाहरण आम्हांस कधी सुचले नव्हते. आजच्या स्वयंचलित यंत्रांचीही हीच अडचण आहे. हा द्रव इतका चिकट असतो की, आधी त्याचा चिकटपणा मोडणारे किण्वद्रव्य घातल्याखेरीज यंत्राच्या बारीक नळ्या तुंबतात.

परंतु या सर्व परीक्षेचा मुकुटमणी म्हणावा असा भाग स्फटिकांचा आहे आणि त्याची कथाही मोठी रम्य आहे. गाऊट, म्हणजे आपल्याकडील वैद्यांचे वातरक्त, हा रोग यूरिक आम्लाशी निगडित आहे हे लंडनच्या आल्फ्रेड बेअरिंग गॅरॉड या डॉक्टरने १८४८ साली दाखवून दिले. पुढे त्याने जी युक्ती काढली ती कोणाही गृहिणीला समजावी. रुग्णाच्या रक्तातील पातळ भाग त्याने उथळ काचपात्रात घेतला, त्यात ॲसेटिक आम्लाचे काही थेंब टाकले आणि तलम धागा सोडून पात्र दिवस-दोन दिवस स्थिर ठेवले. यूरिक आम्ल पुरेसे वाढलेले असेल तर धाग्यावर स्फटिक जमत. पाकात सोडलेल्या दोऱ्यावर खडीसाखर जमते तसेच हे. प्रयोगशाळा ह्या शब्दाचा थाटमाट जेव्हा नव्हता, तेव्हा एक बशी आणि एक धागा एवढ्यावर हे काम भागले.

तरीही गॅरॉडचा धागा रक्ताविषयी सांगत होता, सुजलेल्या सांध्याविषयी नव्हे. ती उणीव भरून निघावयास आणखी शंभरावर वर्षे लागली. १९६१ साली अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे डॅनियल मॅकार्टी आणि जोसेफ हॉलंडर यांनी गाऊटच्या रुग्णांचे सांध्यातील पाणी ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. या यंत्रात दोन गाळण्या एकमेकींशी काटकोनात बसवलेल्या असतात, त्यामुळे दृष्टीचे क्षेत्र काळेभोर दिसते. मात्र मध्ये यूरेटचे स्फटिक आले तर ते प्रकाशाची दिशा वळवतात आणि अमावास्येच्या आकाशात चांदण्या उगवाव्यात तसे सुयांच्या आकाराचे झळझळीत कण दिसू लागतात. त्यात एक तांबडी पट्टी सरकवली की ओळख आणखी पक्की होते. पट्टीच्या ठरावीक अक्षाशी समांतर असलेली सुई पिवळी दिसते, आडवी असलेली निळी. याच्या उलट रंग दाखवणारे, आखूड आणि चौकटीच्या आकाराचे स्फटिक असतील, तर तो गाऊट नव्हे, कॅल्शियमच्या एका क्षाराने होणारा त्याचा तोतया भाऊ होय. त्यालाही मॅकार्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीच 'स्यूडोगाऊट' हे नाव दिले.

स्फटिक सापडले खरे, पण ते रोगाचे कारण कशावरून, केवळ साक्षीदार कशावरून नव्हेत, अशी शंका घेणाऱ्यांचे समाधान कसे करावे? फेअर्स आणि मॅकार्टी या दोघा डॉक्टरांनी यूरेटचे स्फटिक स्वतःच्याच धडधाकट गुडघ्यांत टोचून घेतले. काही तासांतच गुडघे सुजून असह्य वेदना सुरू झाल्या. हा वृत्तान्त १९६२ साली प्रसिद्ध झाला. त्या प्रयोगाला शौर्य म्हणावे की वेडेपणा, हे आम्ही वाचकांवर सोपवितो. परंतु आज कोणा गृहस्थाच्या अंगठ्याचा ठणका एका कागदावर 'गाऊट' म्हणून निश्चित होतो, त्याच्या मागे त्या दोघांचे गुडघे उभे आहेत.

रक्तातील यूरिक आम्ल वाढलेले दिसले की गाऊट झाला, असे समजणारे सुशिक्षित आम्ही बरेच पाहिले. यूरिक आम्ल वाढूनही कित्येकांना जन्मात गाऊट होत नाही, आणि गाऊटचा झटका ऐन भरात असताना रक्तातले प्रमाण सर्वसाधारण आढळू शकते. रक्त दूरवरून बातमी देते, सांध्यातले पाणी घटनास्थळावरून.

याचा प्रत्यय आम्हांस आमच्या एका निवृत्त सहकाऱ्याच्या बाबतीत आला. व्यायामशिक्षक म्हणून त्यांनी आयुष्यभर पोरांना कवायत शिकवली. वय सदुसष्ट, मधुमेह पंधरा वर्षांचा आणि पायाच्या अंगठ्याला गाऊटचे झटके पूर्वी येऊन गेलेले. एके दिवशी उजवा गुडघा सुजला, तापला आणि रात्री थंडी वाजून ताप भरला. एका दवाखान्यात रक्त तपासले, यूरिक आम्ल साडेआठ निघाले. 'पुराना गठिया है' असे म्हणून तेथून गाऊटच्या गोळ्या मिळाल्या. गुडघ्याला कोणी हात लावून पाहिले नाही. तिसऱ्या दिवशी त्यांना पाय टेकवेना, तेव्हा आम्ही आणि त्यांच्या चिरंजीवांनी त्यांना सरकारी रुग्णालयात नेले. तेथील एका तरुण डॉक्टरबाईंनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे गुडघ्यातून सुमारे चाळीस घनसेंटिमीटर पाणी काढले. ते नितळ नव्हते, ताकासारखे होते. तासाभरात प्रयोगशाळेतून निरोप आला की सुयांचे स्फटिक दिसत आहेत. घरच्यांचा जीव भांड्यात पडला. चला, गाऊटच आहे म्हणावयाचा!

डॉक्टरबाई मात्र हसल्या नाहीत. पेशींची संख्या ब्याऐंशी हजार होती आणि त्यांतल्या चौऱ्याण्णव टक्के न्यूट्रोफिल. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत ही म्हण शरीराला ठाऊक नसते. एका सांध्यात दोन रोग सुखेनैव नांदू शकतात. स्फटिक दिसले म्हणून जंतू नाहीत असे ठरत नाही, आणि जंतू रंगवून पाहण्याच्या ग्रॅमच्या पद्धतीने, जी १८८४ सालापासून चालत आली आहे, काचेवर काही दिसले नाही म्हणूनही ठरत नाही. त्या रात्रीच त्यांनी शिरेतून प्रतिजैविके सुरू केली आणि दुसऱ्या दिवशी सांधा आतून धुऊन काढला. कल्चरचा निकाल दोन दिवसांनी आला, तेव्हा त्यात स्टॅफिलोकॉकस जंतूंची वाढ झालेली होती. मास्तर आज काठी घेऊन का होईना, पण स्वतःच्या पायांनी बागेत फिरावयास जातात. पहिल्या दवाखान्यात त्याच दिवशी, पाणी न तपासता, सूज उतरावी म्हणून गुडघ्यात स्टेरॉइड टोचले गेले असते तर काय झाले असते, हे त्या डॉक्टरबाईंनी आम्हांला नंतर समजावून सांगितले. संसर्गाची शंका असताना असे इंजेक्शन म्हणजे चोराला घराची किल्ली देणे.

सांध्याच्या पाण्याविषयी लोक बेफिकीर असतात. पाठीच्या मणक्यातील पाण्याविषयी ते भयभीत असतात. दोन्हींत नुकसान सारखेच. आमच्या आळीतील एका कुटुंबातला नऊ वर्षांचा नातू तापाने फणफणला, त्याला उलट्या होऊ लागल्या आणि मान ताठ झाली. रुग्णालयात मणक्यातून पाणी काढावे लागेल असे सांगताच आजींनी पदर खोचला. मुख्याध्यापकाचे तरी ऐकतील म्हणून आम्हांला बोलावणे आले.

"मास्तर, तुम्ही शिकलेली माणसं, तुम्हीच सांगा. आमच्या सासरी एका पोराचं असंच पाणी काढलं आणि त्याचे पाय गेले ते गेलेच."

"आजी, ते पोर किती दिवस आजारी होते?"

"महिना झाला असेल. क्षय मेंदूत गेला होता म्हणे."

आजींच्या उत्तरातच सारे आले होते. पाय नेले होते क्षयाने, नाव लागले सुईचे. ज्यांच्या पाठीतून पाणी काढावे लागते ते बहुधा आधीच अत्यवस्थ असतात, म्हणून रोगाचे सारे पाप या सुईच्या माथी येते. वस्तुस्थिती अशी आहे की, पाठीचा मज्जारज्जू कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो. सुई घालतात ती त्याच्या खाली, तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्यांच्या फटीत. तेथे द्रवात तरंगणारे मज्जातंतूंचे धागे तेवढे असतात आणि ते सुईच्या टोकापासून बाजूला सरकतात. हाइनरिख क्विंके या जर्मन डॉक्टरने १८९१ साली ही रीत सांगितली, तेव्हापासून ती जगभर चालली आहे. प्रौढ माणसाच्या मेंदू-मज्जारज्जूभोवती हा द्रव सुमारे दीडशे घनसेंटिमीटर असतो, पण शरीर रोज सुमारे पाचशे तयार करते. तपासणीसाठी दहा काढले तर ते अर्ध्या तासात भरून निघतात. काहींचे डोके नंतर एक-दोन दिवस दुखते, हे मात्र खरे. मेंदूत गाठ किंवा फार दाब असल्याची शंका असेल तर डॉक्टर आधी चित्र काढून खात्री करून घेतात.

आजी अखेर राजी झाल्या, पण त्यात रात्र उलटली. डॉक्टरांनी वाट न पाहता औषध सुरू केले होते आणि ते योग्यच होते. मात्र औषध आधी आणि पाणी नंतर असा क्रम झाल्यामुळे कल्चरमध्ये काहीच वाढले नाही, आणि कोणत्या जंतूवर कोणते औषध नेमके लागू पडेल हे कळण्याची वाट बंद झाली. तरी त्या पाण्याने बरेच सांगितले. या द्रवातील साखर रक्तातल्या साखरेच्या सुमारे दोन-तृतीयांश असते, म्हणून दोन्ही नमुने एकाच वेळी घ्यावे लागतात. जंतू आणि पांढऱ्या पेशी मिळून ती साखर फस्त करतात. विषाणूंच्या तापात ती बहुधा शाबूत राहते. मुलाची साखर अठरा निघाली आणि पेशी हजारोंनी, त्याही न्यूट्रोफिल. दुखणे जंतूंचे होते. क्षयाचे असते तर बहुतकरून लिम्फोसाइट जातीच्या पेशी जास्त असत्या, प्रथिने खूप वाढली असती आणि नळी रात्रभर स्थिर ठेवली तर वर कोळ्याच्या जाळ्यासारखी तलम जाळी धरली असती. क्षयाच्या जंतूंचा छडा लावण्यासाठी आता सुमारे दोन तासांत उत्तर देणारी यंत्रे आली आहेत. पण त्यांचे उत्तर 'नाही' आले तरी क्षय नाहीच असे म्हणता येत नाही, हे ध्यानात असावे. मुलगा बरा झाला. आजी आता आम्हांला पाहिले की पदर तोंडाला लावून हसतात.

छातीत साठणाऱ्या पाण्याविषयी थोडक्यात. माठ पाझरतो तसे निव्वळ दाब वाढल्याने पाझरलेले पाणी वेगळे, आणि आवरणाला सूज आल्याने झिरपलेले वेगळे. हृदय थकले असेल तर पहिल्या जातीचे, क्षय, न्यूमोनिया अथवा कर्करोग असेल तर दुसऱ्या जातीचे. हा भेद कसा करावा याचे नियम रिचर्ड लाइट यांनी १९७२ साली घालून दिले आणि ते आजही पाळले जातात. पाण्यातील प्रथिने रक्तातल्या प्रथिनांच्या निम्म्याहून अधिक निघाली, तर ती सूज समजावी, एल.डी.एच. नावाच्या किण्वद्रव्याचीही अशीच तुलना करतात. आपल्या देशात त्याबरोबर ए.डी.ए. ही तपासणीही करतात. ती चाळिसाच्या वर गेली आणि पेशी लिम्फोसाइट असल्या तर क्षयाचा संशय बळावतो. जलोदराच्या पाण्याचेही असेच हिशेब आहेत, त्यांत शिरत नाही.

नमुना कसा नेतात याकडे मात्र घरच्या माणसाने लक्ष ठेवावे, कारण नळी हातात देऊन 'जा, खाली देऊन या' असे पुष्कळदा त्यालाच सांगितले जाते. त्याने वाटेत चहाला थांबू नये. पेशी तासा-दोन तासांत फुटू लागतात, साखर उतरते, आणि कागदावरचे आकडे रुग्णाचे न राहता नळीचे होऊन बसतात. सांध्याचे पाणी साध्या नळीत गोठू शकते, म्हणून पेशींसाठी ते जांभळ्या बुचाच्या, गोठू न देणाऱ्या नळीत घेतात आणि कल्चरसाठी निर्जंतुक बाटलीत वेगळे. मणक्याचे पाणी तीन नळ्यांत घेतात. पहिलीत रक्त आणि तिसरीत नितळ, तर सुई लागून आलेले रक्त. तिन्हींत सारखेच, तर रक्तस्राव आतलाच. म्हणून नळ्यांवरचे क्रमांक पुसू देऊ नयेत. कल्चरची नळी घरच्या शीतपेटीत ठेवणारे एक महाभाग आम्हांस भेटले आहेत. काही जंतू गारठ्यात मरतात आणि मग न सापडलेल्या जंतूंचा आनंद साजरा होतो.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्यासारख्यांची आणखी एक अडचण आहे, ती भाषेची. मराठीत ठणका वेगळा, कळ वेगळी, चमक वेगळी आणि सकाळी सांधे धरणे वेगळे. ठणका आणि ताप हे डॉक्टरांना जंतूंकडे वळवतात. सकाळी तासभर सांधे धरतात म्हटले की आमवाताकडे. दवाखान्यात गेल्यावर आपण या सगळ्याचे हिंदीत एकच भाषांतर करतो, 'दर्द'. इंदुरातले आमचे डॉक्टर स्नेही म्हणतात की, मराठी बायका घरात जितके अचूक सांगतात, तितके खुर्चीसमोर बसून सांगत नाहीत. सून किंवा मुलगी बरोबर असेल तर तिने निदान एवढे सांगावे की सूज केव्हा आली, एका सांध्याला की अनेकांना, ताप होता का, आणि कोणते औषध आधीच पोटात गेले आहे. नळीबरोबर जाणाऱ्या चिठ्ठीवर हे लिहिलेले असेल तर सूक्ष्मदर्शकाशी बसलेल्या माणसाला काय शोधावयाचे ते कळते.

कल्चरचा अंतिम कागद त्याच दिवशी मिळत नाही. साध्या जंतूंना दोन ते पाच दिवस लागतात, क्षयाच्या जंतूंना सहा ते आठ आठवडेसुद्धा. रुग्ण तोवर घरी गेलेला असतो, सूज उतरलेली असते आणि कागदाची कोणाला आठवण राहत नाही. आमच्या व्यायामशिक्षक मित्राचा क्षयाच्या कल्चरचा कागद आणावयास आम्ही दोन महिन्यांनी गेलो, तेव्हा खिडकीतल्या मुलीने सुतळीने बांधलेला एक जाडजूड गठ्ठा पुढे ओढला. ते सगळे न नेलेले अहवाल होते. मास्तरांचा कागद मधोमध सापडला, त्यावर 'वाढ नाही' असे लिहिले होते. त्याच्या खालच्या कागदावर जंतूचे नाव आणि लागू पडणाऱ्या औषधांची यादी होती, तारीख सात आठवड्यांपूर्वीची. हे नेले कसे नाही, असे आम्ही विचारले. तिने दूरध्वनीची वही काढली आणि त्या नावापुढचा क्रमांक पुन्हा एकदा फिरवला.